शाफ्ट सरळ करणाऱ्याचं दुखणं

यंत्राची वाकलेली शाफ्ट, म्हणजे फिरणारा लोखंडी दांडा, सरळ कशी करायची हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. दोन्ही टोकं आधारावर ठेवायची, शाफ्ट हळूहळू फिरवायची आणि जवळ खडू धरायचा. जिथे खडू लागतो तिथे उंचवटा. त्या उंचवट्यावर तांब्याचा हातोडा घालायचा, जपून, पण घाबरून नाही. घाबरत मारलेला घाव वाया जातो. मी सोळा वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होतो आणि या एका कामासाठी आजूबाजूचे तीन जिनिंगवाले मला बोलावणं पाठवत. त्याच अकलेनं मी माझ्या शरीराचं हसं करून घेतलं. संसाराचं वाटोळं केलं ते मात्र अक्कल न वापरता.

कापसाला भाव नसलेली ती वर्षं. आमचं गाव यवतमाळपासून एसटीनं पाऊण तासावर आणि जिनिंग गावाच्या तोंडाशीच. त्या हिवाळ्यात चार दिवस खरेदी बंद होती. गेटबाहेर कापसानं भरलेल्या बैलबंड्यांची रांग पार पेट्रोल पंपापर्यंत गेली होती. पाचव्या दिवशी सकाळी आतून निरोप आला, आजही काटा होणार नाही, खरेदी बंदच. बाहेर एकच ओरडा झाला. पहिला दगड ऑफिसच्या काचेवर बसला, दुसरा चौकीदाराच्या कपाळावर. मालक गच्चीवरून ओरडला, गेट लावा. आम्ही सहा जण रुळावरचं लोखंडी गेट ढकलायला धावलो. माझ्या हातात मोठा पाना होता. तो खाली ठेवायचं सुचलं नाही असं मी नंतर पोलिसांना सांगितलं, पण खरं म्हणजे मला तो ठेवायचाच नव्हता. समोरून पहिल्या बंडीवाल्यानं माझी कॉलर धरली आणि मी पाना फिरवला. तो त्याच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो माणूस ओरडला, त्याचे बैल बुजले, आणि त्यातल्या एकानं मागची लाथ झाडली ती थेट माझ्या जांघेत. मी उभ्याचा खाली बसलो आणि तिथेच ओकलो.

लोक म्हणाले, थोडक्यात वाचला. सूज पंधरा दिवसांत उतरली आणि मी कामाला लागलो. शिमग्याच्या सुमारास हाताला एक गाठ लागली. लिंगाच्या वरच्या अंगाला, आत, सरकीच्या दाण्याएवढी. मग ती पसरून चपटी झाली. ताठरपणा आला की ठणका मारायचा, आणि सगळं वर पोटाकडे वाकायचं, विळ्यासारखं. ज्याला हाडच नाही ते वाकतं कसं, हे मला कळेना. असलं काही मी कोणाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, असं म्हणतात. मला तर तोही नव्हता.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. बायको नेरची. दिसायला साधी, बोलायला स्पष्ट, हिशेबाला पक्की, आणि माझ्या रागाला मुळीच न घाबरणारी. ती पहिल्यापासून म्हणायची, "तुमचा राग म्हंजे दुधाचा ऊत आहे, येते अन् जाते." तिला सांगायला हवं होतं. ती हसली नसती. पण मी झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत बसलो. झाकायची कशी, तर मी एक युक्ती काढली. संध्याकाळी ताटावर बसलो की भांडण उकरायचं. भाजीला मीठच नाही, भाकर कच्ची आहे, पाणी गरम का ठेवलं नाही. भांडण पेटलं की चटई उचलून अंगणात जायचं. रागावून बाहेर झोपलेल्या नवऱ्याला कोणी कारण विचारत नाही.

पहिले पंधरा दिवस मी रागाचं सोंग आणत होतो. पुढे सोंगाची गरज राहिली नाही. दुखायचं मला आणि वड्याचं तेल वांग्यावर निघायचं. एकदा ताट भिरकावलं, ते तिच्या कानाजवळून जाऊन दारावर आदळलं. एकदा चुलीतलं पेटतं लाकूड काढून अंगणात फेकलं. रविवारी विहारात वंदनेला गेली की बायका तिला विचारत, काय गं, काही गोड बातमी? ती घरी येऊन मला ते सांगायची आणि मी तिच्यावरच धावून जायचो. एका दुपारी न्हाणीत कडी लावून मी स्वतःच ते सरळ करायला गेलो, दोन्ही हातांनी, थंड शाफ्टवर जोर लावावा तसा. डोळ्यांसमोर अंधारी आली. ती दार ठोकत होती, काय झालं म्हणून विचारत होती. मी आतून दाराला अशी लाथ घातली की वरची बिजागरी निखळली.

एप्रिलमध्ये, भर दुपारी, तिनं माझ्या मनगटाला धरलं. मी जेवून कामावर निघालो होतो.

"दुसरी कोन आहे ते सांगा," ती म्हणाली. "मी रडनार नाई, ओरडनार नाई. फक्त सांगा."

"हात सोड."

"तिचं नाव सांगा, मंग सोडीन."

मी तिचा हात माझ्या मनगटावरून उपटला आणि पिरगाळला. ती खाली वाकली तरी मी पिरगाळतच राहिलो. आधी बांगड्या फुटल्या, मग बांगड्यांच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज आला. तो मला ओळखू आला, कारण चारच महिन्यांपूर्वी तो मी गेटवर ऐकला होता. मी हात सोडला आणि कामावर निघून गेलो. त्या दिवशी मी एक रोलर बसवला, दोन पट्टे बदलले आणि चहा प्यायलो. माझ्या हाताला कापरंही भरलं नव्हतं, हे मला आजही कोणाला सांगवत नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं आळीत सांगितलं की हापशीवर पाय घसरला. हळद-चुन्याचा लेप लावला आणि जुन्या लुगड्याची चिंधी फाडून हात गळ्यात बांधला. महिन्यानं चिंधी सोडली तेव्हा मनगट एका बाजूला कललेलं होतं. ती डाव्या हातानं पीठ मळायला शिकली. मी ते रोज समोर बसून बघायचो आणि भाकर जाड झाली म्हणायचो.

जूनमध्ये एकदा, मी ताटावर बसलेला असताना, तिनं उभ्याउभ्या सांगितलं. "दिवाळीले मी नेरले जाईन. तवापावतर तुमच्यात काई फरक पडला तर परत येईन, नाई तं येनार नाई. भावाले न्यायले बोलावनार नाई, माही मीच जाईन. तमाशा करनार नाई." इतकं बोलून तिनं मला भाजी वाढली.

मला ती हवी होती. इतक्या मारहाणीनंतर हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे ते आहे. ती गेली तर त्या घरात मी आणि माझा राग असे दोघंच उरणार होतो. दिवाळीच्या आत सरळ व्हायचं, मग सगळंच आपोआप सरळ होईल, अशी मी स्वतःची समजूत घातली. यवतमाळला सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरनं एक रविवार आड नागपूरहून येणाऱ्या एका डॉक्टरांचा पत्ता दिला.

ते बसायचे एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात. बाकावर खांदा धरलेले वकील, टाच दुखणाऱ्या मास्तरीणबाई, आणि त्यांच्यात मी, मांडीवर पिशवी घट्ट धरून. डॉक्टर म्हातारे होते, सावकाश बोलायचे. त्यांनी कागदावर पेन्सिलीनं चित्र काढून सांगितलं, "आत एक आवरण असतं. तिथे मार बसला की कधीकधी कडक चट्टा धरतो. तेवढा भाग ताणला जात नाही, म्हणून त्या बाजूला वाकतं. तुमच्यासारखे पुष्कळ येतात, पण उशिरा येतात."

"कापाकापी करावी लागन काय?"

"लगेच नको. या मशीननं बाहेरून लहरींचे ठोके देऊन बघू. आठवड्याला एकदा, सहा वेळा. दुखणं कमी होईल. वाक जाईल असं मात्र मी म्हणणार नाही."

ठोके हा शब्द ऐकला आणि माझा जीव भांड्यात पडला. त्यापुढचं वाक्य मी ऐकलंच नाही. ठोकून सरळ होतं हे मला कोणी शिकवायला नको होतं.

मशीन चालवायला एक माणूस होता, माझ्याच वयाचा, आमच्याच बाजूचा. एरवी तो त्याच मशीननं लोकांच्या टाचा आणि खांदे ठोकायचा. डॉक्टरांनी आपल्या चित्रावर वरच्या बाजूला, गाठीच्या जागी, पेननं खूण करून ठेवली होती. डॉक्टर नागपूरला गेले आणि पुढच्या आठवड्यात मशीनवाला मला आत घेऊन बसला, थंडगार मलम लावलं आणि पिस्तुलासारखा तो दांडा खुणेच्या जागी टेकवला. मी त्याचा हात धरला.

"इथं नको. खालून मार."

"डाक्टरनं निशान तं वरून केलं ना, भाऊ."

"डाक्टरनं कधी शाफ्ट सरळ केली काय? वाक वर आहे म्हंजे उंचवटा खाली आला. घाव उंचवट्यावरच पडला पाह्यजे."

तो विचारात पडला. त्याचे वडील जिनिंगमध्ये रेच्यावर होते, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रावर, आणि फिटरचा शब्द त्या घरात डॉक्टरपेक्षा मोठा असणार. "मिस्तरी, तुमाले समजते तं तुमीच सांगा," असं म्हणून त्यानं दांडा खाली नेला. टक टक टक टक सुरू झालं. मी दात आवळून म्हणालो, जोर वाढव. तो नाही म्हणाला. मी त्याचा दंड असा दाबला की त्याला वाढवावाच लागला.

अशा तीन खेपा मी केल्या. खालचं सगळं काळंनिळं पडलं. लघवीला बसलो की डोळ्यांतून पाणी यायचं, आणि मी ते चांगलं लक्षण समजायचो, कारण घाव लागू पडल्याशिवाय लोखंड हलत नाही. बायकोनं एकदा विचारलं, "दर आठवड्याले यवतमायले काहून जाता?" उत्तर म्हणून मी पाण्यानं भरलेली गुंडी भिंतीवर आपटली. तिनं फडकं घेतलं आणि डाव्या हातानं पाणी पुसून काढलं.

तिसऱ्या खेपेनंतरच्या रविवारी डॉक्टरांनी बघितलं आणि त्यांचा सावकाशपणा कुठल्या कुठे गेला. मशीनवाल्याला त्यांनी असं झापलं की बाहेरच्या मास्तरीणबाई उठून उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वळले. "मिस्तरी, हा लोखंडाचा दांडा नाही. वाकाच्या आतल्या बाजूचं आवरण आखडलंय. बाहेरची बाजू निरोगी होती, तिला तुम्ही तीन आठवडे मार दिलात." आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ते मीच माझ्या हातानं करून घेतलं होतं. मला इतका राग आला की मशीनवाल्याच्या कानाखाली वाजवायला हात उचलला. डॉक्टर मध्ये उभे राहिले. म्हणाले, "कोणाला मारताय? सांगितलं तुम्हीच ना?"

महिनाभर थांबायला लावून उरलेल्या तीन खेपा त्यांनी रविवारी स्वतःसमोर करवल्या, खुणेवर, बेताच्या जोरानं. आणि दुखणं गेलं. खरंच गेलं. ठणका नाही, गाठ दाबली तरी कळ नाही. वाक मात्र जिथल्या तिथे होता. हे कळलं तेव्हा दिवाळी पाच आठवड्यांवर आली होती. मी समोरच्या स्टुलाला लाथ मारली, ते मशीनवर जाऊन आदळलं.

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी स्वतः उठून स्टूल उचललं. "एवढ्या वाकानं संसार अडत नाही, मिस्तरी. बायकोला सांगितलंय?"

मी नकारार्थी मान हलवली.

"किती महिने झाले?"

"सात."

"पुढच्या खेपेला त्यांना घेऊन या. तुम्हाला सांगता येत नसेल तर मी सांगतो."

तिला मी इतकंच म्हणालो की रविवारी यवतमाळला जायचं आहे, एका माणसाला भेटायचं आहे. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं. एसटीत खिडकीजवळ बसली आणि सगळा रस्ता बाहेरच बघत राहिली. मी तिला सोडचिठ्ठीच्या कागदावर सही करायला वकिलाकडे नेतोय असं तिला वाटत होतं. हे तिनं मला फार नंतर सांगितलं.

डॉक्टरांनी तेच पेन्सिलीचं चित्र काढलं आणि तिला सगळं समजावून सांगितलं. लाथ, गाठ, वाक, दुखणं, ठोके, काहीही न लपवता. मी जमिनीकडे बघत होतो. मशीनवाला कोपऱ्यात दांडा पुसत होता. तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

"हे कवापासून?" तिनं मला विचारलं.

"शिमग्यापासून."

"भांडनं बी शिमग्यापासूनच," ती म्हणाली आणि हसली. एवढंसंच हसली. मला कोणी पाना मारला असता तरी इतकं लागलं नसतं.

"आता यांना दुखत नाही," डॉक्टर तिला म्हणाले. "थोडा वाक राहील, त्याची भीती नको. तुम्हाला काही त्रास असेल, काही विचारायचं असेल, तर मोकळेपणानं विचारा."

तिनं पदराखालचा उजवा हात बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. पालथा ठेवला तरी तो सपाट बसेना. "याले चालते काय हे मशीन?"

"मनगटाले? चालते ना," मशीनवाला कोपऱ्यातून बोलून गेला.

डॉक्टरांनी तिचं मनगट दोन बोटांनी चाचपलं. त्यांचा चेहरा बदलला. "हे मोडलेलं आहे. कधी? कसं मोडलं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "यायले विचारा."

हापशी माझ्या तोंडात तयार होती. पाय घसरला, एवढंच म्हणायचं होतं. सहा महिने माझ्यासाठी तीच ते सगळ्या गावाला सांगत आली होती, आणि मी म्हटलं असतं तर त्या दिवशीही तिनं खोडून काढलं नसतं.

"म्या मोडला," मी म्हणालो. "पिरगाळून."

डॉक्टर आता शिव्या देतील म्हणून मी वाट बघत राहिलो. त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली आणि त्यानंतर माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. शेजारच्या दवाखान्यात एक्स-रे काढला. हाड तिरपं जुळलं होतं. ठोक्यांनी ते होणारं नव्हतं. ते पुन्हा मोडावं लागणार होतं, भूल देऊन, आणि मग नीट बसवून आत धातूची पट्टी घालावी लागणार होती. तिनं विचारलं, मंग पोया लाटता येतीन काय? डॉक्टर म्हणाले, येतील.

पुढे ते ऑपरेशन झालं, तिच्या भावानं अमरावतीला करून आणलं. आणि सात महिन्यांनी ती परतही आली, तिच्या मर्जीनं, चार अटी घालून, ज्या मी अजून पाळतो. त्यात माझी काही मर्दुमकी नाही. पण त्या रविवारी मला यातलं काहीच माहीत नव्हतं. उलट खरं बोलून टाकल्यामुळे मन हलकं झालं होतं, आणि मूर्खासारखं मला वाटत होतं की आता मला माफ केलं जाईल, आता आम्ही एकाच एसटीनं घरी जाऊ.

बसस्टँडवर ती आमच्या फलाटाकडे वळलीच नाही. नेरची गाडी लागली होती, तिच्या दाराशी जाऊन थांबली. एक्स-रेचं पाकीट तिनं काखेत धरलं होतं.

"दिवाळीले तीन आठवडे आहेत अजून," मी म्हणालो.

"मले माहीत आहे."

"सांगतलं ना मी डाक्टरले. खोटं नाई बोललो."

"नाई बोलले," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली. "या दवाखान्यात किती खेपा केल्या तुमी?"

"आठ-नऊ."

"आठ-नऊ डाव घरून निंगाले, माह्यासमोरून निंगाले. एक डाव बी वाटलं नाई काय, का इचा बी हात मोडला आहे, इले बी संगं न्यावं?"

कंडक्टरनं घंटी दिली. खरंच वाटलं नव्हतं, एकदाही नाही. तिनं डाव्या हातानं दाराचा दांडा धरला आणि ती गाडीत चढली.